माझ्याकडे तर चालतंय!

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या आळीत एक वाक्य हटकून ऐकू येते. कुणाच्या तरी चकल्या सोऱ्यातून पडतानाच तुटतात, नाहीतर तेलात जाऊन विरघळतात. आणि शेजारच्या वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन म्हणतात, ‘‘अगंबाई! असं कसं झालं? याच कृतीनं माझ्या तर कशा खुसखुशीत झाल्या!’’

वहिनी खोटे बोलत नाहीत. पुरावा म्हणून डब्यातली एक चकली त्या सोबत आणतात, आणि ती खरोखरच चांगली असते. कृतीचा कागदही तोच असतो, त्यांच्याच हातचा. फक्त त्या कागदावर ‘चार वाट्या भाजणी’ एवढेच लिहिलेले असते. कोणती भाजणी, ते नसते. वहिनींनी ती घरी डाळी-तांदूळ भाजून गिरणीतून दळून आणलेली; आमच्या सौ.ने आणली ती दुकानातली तयार पुडा. भाजणी हा काही एक जिन्नस नव्हे. तिच्या पोटात तांदूळ आहेत, हरभऱ्याची डाळ आहे, उडदाची आहे, धने-जिरे आहेत, आणि त्यांचे आपापसांत ठरलेले प्रमाण आहे. कागद यातले काहीच सांगत नाही. म्हणून वहिनींचे वाक्य अक्षरशः खरे असते, आणि कढईपुढे घाम पुसत बसलेल्या बाईला त्याचा कवडीचा उपयोग नसतो.

वाचकांनी भिऊ नये. मी पाककृतींवर लिहायला बसलेलो नाही. त्या कामाला माझ्याहून पुष्कळ योग्य हात आहेत. मला भांडायचे आहे ते वहिनींच्या त्या वाक्याशी. कारण ते आता स्वयंपाकघरातून उठून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या तोंडी जाऊन बसले आहे. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ जगभरच्या त्या लोकांत या वाक्याची थट्टा होते म्हणे. थट्टा होते, पण सवय जात नाही. आणि इथे बिघडते ती चकली नव्हे. आपले पगार, आपली वीजबिले, आगगाडीची तिकिटे आणि पोरांचे निकाल हल्ली याच मंडळींच्या कढईतून निघतात.

एक मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा, त्याने संगणकावर तोंड का उघडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या पायावरून मोटार गेली, त्याला मोटार हाकता येते की नाही हे विचारून मगच ओरडू द्यायचे, असा काही कायदा नाही. आमच्या पायावरून ती गेली २०१९ च्या एप्रिलमध्ये.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरी करतो. मुलगा गुणी, शाळेबद्दल माया असलेला. वार्षिक निकालाच्या दिवसांत कारकून भाऊसाहेबांचे डोळे कसे लाल होतात हे त्याने पाहिलेले होते, म्हणून एक पैसा न घेता त्याने आम्हांला निकालाचा प्रोग्रॅम लिहून दिला. दोन सत्रांचे गुण भरायचे, त्यांची सरासरी निघायची, अर्धा आला तर आमच्या रिवाजाप्रमाणे तो पूर्ण धरायचा, आणि ३५ च्या खाली राहिला तो नापास. भागाकारसुद्धा त्याने काळजीपूर्वक दशांशात केला होता. आपल्या लॅपटॉपवर त्याने मागच्या वर्षीचा सगळा निकाल काढून पाहिला. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. मग तो प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातल्या संगणकावर बसला, निकाल लागला, पेढे वाटले गेले.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलगी गणितात नापास. वडिलांनी तिला पुढे न शिकवण्याचे ठरवूनच टाकले होते. मामाच्या गावी शिवणकामाला धाडायची तयारी झाली होती. बाईंनी रडारड केली नाही, विनवणी केली नाही. पदराखालून प्रगतिपुस्तक काढून त्या म्हणाल्या, ‘‘गुरुजी, पहिल्या सत्रात ३३, दुसऱ्यात ३६. अर्धा मार्क कुठं गेला, तेवढं मला सांगा.’’

६९ चे निम्मे ३४.५. अर्धा पूर्ण धरला तर ३५. संगणकाने धरले होते ३४.

मी आणि भाऊसाहेब पेन्सिल घेऊन बसलो. ३५.५ चे ३६ झाले होते; बरोबर. ३७.५ चे ३८, तेही बरोबर. पण ३६.५ चे ३६, आणि ३४.५ चे ३४! अर्धा मार्क कधी वर चढे, कधी खाली उतरे. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘मास्तर, भूतबाधा म्हणावी तर तिच्यातही शिस्त दिसते.’’ मी पुण्याला फोन लावला. पलीकडून काय ऐकू आले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल.

‘‘सर, माझ्याकडे तर ३५ येतंय!’’

त्याने लॅपटॉपच्या पडद्याचा फोटोही पाठवला. स्वच्छ ३५. वहिनींची चकली!

पुढे उलगडा झाला तो असा. प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला. मुलाच्या लॅपटॉपवर कॉलेजपासूनची तिची जुनी, दुसरी पिढी होती. आमच्या ऑफिसातला संगणक मधल्या काळात बिघडला होता, आणि दुरुस्तीवाल्याने सद्भावनेने त्यावर तिसरी पिढी बसवली होती; नवे ते चांगले, नाही का! ही तिसरी पिढी २००८ साली निघाली, दुसरीची देखभाल तिच्या कर्त्यांनी १ जानेवारी २०२० ला थांबवली. मधली अकरा वर्षे दोघी शेजारी शेजारी नांदत होत्या. जुनी पायथन अर्धा आला की वर ढकलते. नवी पायथन तो जवळच्या सम संख्येकडे नेते: ३५.५ ला ३६ कडे, आणि ३४.५ ला ३४ कडे. हा वेडेपणा नव्हे. हजारो आकड्यांची बेरीज करताना प्रत्येक अर्धा वरच ढकलत गेले तर एकूण बेरीज फुगते, म्हणून सम संख्येची ही रीत निघाली आहे. दोन्ही रीती शहाण्यांच्या. मुलाने खोटे सांगितले नाही, दुरुस्तीवाल्याने कुचराई केली नाही, भाऊसाहेबांनी आकडा चुकवला नाही. तीन प्रामाणिक माणसांनी मिळून एका मुलीला नापास केले.

वर्गातले तिघेजण असे पडले होते. त्याच संध्याकाळी सुधारलेली गुणपत्रिका घेऊन मी आणि भाऊसाहेब त्या मुलीच्या घरी गेलो. जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात आली खरी. मागच्या बाकावर बसायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिचे चुकले असे मी म्हणत नाही.

तेव्हापासून या विषयाचा मी पिच्छा पुरवला. सुटीत तो मुलगा आला की त्याला ओट्यावर बसवून प्रश्न विचारले, त्याने वैतागून पुस्तके पाठवली, ती अर्धी समजली, अर्धी त्याच्याकडून वदवून घेतली. जे कळले ते इतके साधे आहे की ते सगळीकडे पाळले जात नाही याचाच राग यावा.

प्रोग्रॅम लिहिणारा हल्ली सगळे स्वतः लिहीत नाही. कोणी तक्त्यांचे गणित लिहून ठेवले आहे, कोणी तारखांचे, कोणी छपाईचे. असे तयार तुकडे, ज्यांना मॉड्यूल किंवा पॅकेज म्हणतात, तो आणतो आणि जोडतो. त्या तुकड्यांना आणखी तुकडे लागतात, त्यांना आणखी. भाजणीच्या पोटातल्या डाळी! लेखकाने चार नावे मागितली तरी घरात चाळीस पाहुणे येतात, आणि त्यांतल्या छत्तीस जणांना तो ओळखतही नाही. हे सगळे तुकडे सतत बदलत असतात. प्रत्येक बदलाला आवृत्तीचा क्रमांक असतो. आणि लेखकाच्या लॅपटॉपवर जे क्रमांक असतात तेच जिथे काम व्हायचे त्या यंत्रावर असतील, याची हमी आपोआप कोणीही देत नाही. ती द्यावी लागते.

ती कशी द्यावी हेही लोकांनी केव्हाच शोधून ठेवले आहे. पायथनमध्ये ‘पिप फ्रीझ’ अशी आज्ञा आहे. ती यंत्रावर त्या क्षणी बसलेले सगळे तुकडे क्रमांकांसह लिहून देते. नावापुढे दोन बरोबरची चिन्हे आणि मग क्रमांक: म्हणजे हाच, दुसरा नको. रुबी भाषेच्या लोकांनी २०१० च्या सुमारास अशी कुलूपबंद यादी रुळवली. जावास्क्रिप्टवाल्यांचे पॅकेज-कोठार एनपीएम. तिथे २०१६ साली यार्न नावाच्या पर्यायी साधनाने ती आणली आणि २०१७ पासून एनपीएमही ती आपोआप तयार करू लागले. या कुलूप-यादीत नुसता क्रमांक नसतो. तुकड्याच्या आतल्या मजकुराचा, अंगठ्याच्या ठशासारखा, एक ठसाही असतो. त्याच क्रमांकाच्या नावाखाली कोणी दुसरा माल ठेवला तर ठसा जुळत नाही. आणखी एक मौज पाहा. एनपीएमची साधी ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा लेखकाच्या यादीत आणि कुलूप-यादीत विसंगती दिसली तर स्वतःच कुलूप-यादी बदलून मोकळी होते, गरीब स्वभावाच्या मुनिमासारखी. ‘सीआय’ ही दुसरी आज्ञा मात्र विसंगती दिसताच काम बंद करून उभी राहते. कामाच्या ठिकाणी चालवायची ती ही दुसरी. किती ठिकाणी चालवतात, ते ज्याचे त्याने विचारून पाहावे.

आमच्या मुलाने यातून धडा घेतला असे मी समजत होतो. त्याने प्रोग्रॅम नव्या पायथनसाठी फिरून लिहिला, तक्त्यांच्या कामाला पांडाज नावाचे पॅकेज घेतले, आणि मोठ्या अभिमानाने एक यादीही जोडली. यादीत लिहिले होते: पांडाज. क्रमांक नाही. पुन्हा ‘चार वाट्या भाजणी’! एप्रिल २०२३ मध्ये पांडाजची २.० ही आवृत्ती निघाली. एका तक्त्याखाली दुसरा तक्ता जोडण्याची जी जुनी सोय त्याने वापरली होती, ती ‘जाणार, जाणार’ असे आधीच्या वर्षी बजावून या आवृत्तीत काढून टाकलेली होती. शाळेत त्याच महिन्यात नवा संगणक आला, त्यावर नवी पांडाज बसली, आणि प्रोग्रॅम पहिल्याच वर्गाला लाल अक्षरे दाखवून अडून बसला.

या वेळी नुकसान काय झाले? एक दिवस उशीर. भाऊसाहेबांची चिडचिड. मी तर त्या लाल अक्षरांना मनोमन नमस्कार केला. अनारसा कढईत हसतो तेव्हा निदान चारचौघांसमक्ष हसतो. करणारीला कळते, ती पीठ बदलते. २०१९ चा आमचा अनारसा वरून गोल, खसखस लावलेला, देखणा होता. आवृत्तीचा फरक मोठ्याने ओरडला तर ते भाग्य समजावे. बहुधा तो गप्प राहतो.

कादंबरीकार म्हणून हे मला आधीच कळायला हवे होते. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी मराठी टंकलेखनाचे जे हाल होते ते ज्यांनी भोगले त्यांना आठवतील. माझ्या एका कादंबरीची प्रकरणे घरी एका फॉन्टमध्ये टाईप करून, सीडीवर घालून, मी छापखान्यात नेली. जुळारी पडद्याकडे पाहून म्हणाला, ‘‘मास्तर, हे इंग्रजी कुठलं आणलंत?’’ देवनागरीची अक्षरे त्या काळात रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असत. तो विशिष्ट फॉन्ट त्या यंत्रावर नसेल तर खुर्च्यांवरून आमची नायिका उठून जाई आणि मूळचे यजमान येऊन बसत. मजकूर माझाच होता. ज्याच्या आधारावर तो उभा होता ते घरी राहिले होते. यावर उपाय निघाला पीडीएफचा: मजकूर आपला फॉन्ट पोटाशी बांधूनच प्रवासाला निघतो. प्रोग्रॅमच्या बाबतीत तेच काम २०१३ मध्ये आलेल्या डॉकरसारख्या साधनांनी केले. प्रोग्रॅम, त्याचे तुकडे आणि भोवतालची व्यवस्था एका पेटीत भरून तीच पेटी इथून तिथे न्यायची. उत्तम! पण पेटी भरतानाच ‘जे सर्वांत ताजे असेल ते’ असा शब्द लिहिण्याची पळवाट तिथेही आहे, आणि आळशी माणूस ती घेतो. मग आज भरलेली पेटी आणि महिन्याने भरलेली पेटी यांचे नाव एक, पोट वेगळे.

‘‘मास्तर, तुम्ही एका गावच्या शाळेवरून जग तोलता,’’ असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सुनावले. तर जगाचेच ऐका. २२ मार्च २०१६. एनपीएमच्या कोठारात लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. काम काय, तर एखाद्या अक्षरमालेच्या डाव्या बाजूला जागा भरून तिची लांबी पुरी करणे. हजेरी क्रमांक ७ चा ००७ करावा तसे. आठवीतल्या पोराला सांगितले तर तो तासाभरात लिहील. त्याचा कर्ता अझेर कोचुलू याचे ‘किक’ या नावाच्या दुसऱ्या एका पॅकेजवरून त्याच नावाच्या कंपनीशी वाजले. कोठारवाल्यांनी नाव कंपनीला दिले. आणि त्याने रागाने आपले सगळेच तुकडे, अडीचशेहून अधिक, उचलून नेले. त्या अकरा ओळींवर, मधल्या पाच-सहा पायऱ्यांनी, जगातले बडे बडे प्रकल्प उभे होते. ते बांधायला घेतले की अडू लागले. सुमारे दोन तासांत कोठारवाल्यांनी तो तुकडा परत आणून ठेवला आणि पुढे माल उचलून नेण्याचे नियमही कडक केले. इथे मात्र नुसत्या कुलूप-यादीने भागले नसते, हे मला मान्य केले पाहिजे. यादीत दुकानाचा पत्ता बिनचूक आहे, पण दुकानच बंद! म्हणून ज्याला काळजी आहे तो लागणाऱ्या तुकड्यांची एक प्रत स्वतःच्या कोठीतही ठेवतो. आपल्या आज्या वर्षाचे धान्य भरून ठेवीत, तसे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत जोरदार मुद्दा. ते म्हणतात, ‘‘कुलपे घालून बसलात तर जुन्या आवृत्त्यांतली भोके तुमच्याकडे जन्मभर राहतील. सुरक्षितता हवी तर सदैव नवीनच घ्या.’’ यात अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या मार्काचे काय होते ते आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, जावा भाषेतल्या, नोंदी ठेवणाऱ्या तुकड्यात एक भयंकर भोक सापडले. नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवून बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येई. भोक २०१३ पासूनचे होते. म्हणजे इतकी वर्षे जे इमानाने ‘नवीनच’ घेत होते तेही भोकासकटच नवीन घेत होते! आणि ते कळल्यावर जगभरच्या कचेऱ्यांत पहिला प्रश्न उभा राहिला तो असा: हा तुकडा आपल्याकडे कुठे कुठे आहे? यादी ज्याच्याकडे होती त्याने वाचून पाहिली. ज्याच्याकडे नव्हती तो माळे शोधत बसला.

नवीनच घ्यायचे व्रत केव्हा केव्हा कसे फळते तेही पाहून ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स नावाच्या एका लोकप्रिय तुकड्याच्या कर्त्यानेच नव्या आवृत्तीत मुद्दाम न संपणारे चक्र घालून ठेवले. पडद्यावर निरर्थक अक्षरे वाहू लागली आणि प्रोग्रॅम संपेचना. ज्यांनी ‘यापुढची कोणतीही चालेल’ असे लिहून कुलूप मोकळे ठेवले होते, त्यांच्या घरी ते आपल्या पायाने चालत आले. कुलूपवाल्यांच्या दारात ते थांबले.

कुलूप म्हणजे दार कायमचे चिणणे, असे मी कुठे म्हणतो? नवी आवृत्ती जरूर घ्यावी. पण माणसाने ठरवून घ्यावी. आधी बाजूच्या यंत्रावर मागच्या वर्षीचा निकाल काढून पाहावा, ३४.५ चे काय होते ते पाहावे, मग यादीतला क्रमांक बदलावा, आणि तीच यादी सगळीकडे जावी: लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर, तपासणाऱ्याच्या यंत्रावर आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर. दुरुस्तीवाल्याच्या सद्भावनेने, अपरात्री, कोणाला न विचारता ती बदलू नये. बस्स, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती ऐकून शिकलेली माणसे मला ‘काळाच्या मागे’ म्हणतात.

या पावसाळ्यात आमच्या शाळा समितीने ठरवले की आता फुकटचे नको, रीतसर विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे. विक्रेत्याचा तरुण प्रतिनिधी आला. टायवाला, नम्र. समितीच्या सभासदांनी किंमत विचारली, मग पडद्यावरचा हिरवा रंग बदलून भगवा करता येईल का ते विचारले, मग चहा आला. मी विचारले, ‘‘यात दुसऱ्यांचे तुकडे कोणते, त्यांचे क्रमांक कोणते, आणि तुमच्या कचेरीत जे आहेत तेच आमच्या यंत्रावर बसतील हे कोण पाहणार?’’ अध्यक्षांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी जेवणाच्या पंगतीत आचाऱ्याची जन्मपत्रिका मागितली.

‘‘त्याची काही गरजच नाही, सर,’’ तो मुलगा गोड हसून म्हणाला, आणि त्याने आपला लॅपटॉप माझ्यासमोर वळवला. ‘‘हे बघा ना. माझ्याकडे चालतंय.’’

मी त्यात दोन सत्रांचे गुण भरले, ३३ आणि ३६. आला ३५. मग म्हटले, ‘‘आता हेच आमच्या भाऊसाहेबांच्या संगणकावर बसवून दाखवा.’’ त्याला त्या दिवशी ते जमले नाही. काहीतरी कमी पडत होते. यादी उद्याच पाठवतो म्हणाला.

गणपती होऊन गेले. यादी अजून आलेली नाही.